रेघेवरची बुरशी

हे मी आजवर कुणाशी बोललेले नाही. नवऱ्याशी नाही, बहिणीशी नाही. देवापुढेही नाही — तिथे उभी राहिले की मी पोरांची परीक्षा, नवऱ्याचा गुडघा, असलंच काहीतरी पुटपुटते आणि घंटा वाजवून पळ काढते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. न ओळखणाऱ्यालाच सांगायचं, हाही भित्रेपणाच का? असेल. सगळी गोष्ट भित्रेपणाचीच तर आहे.

मी कर्जतला, बाजारातल्या एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रक्त काढते, लघवी तपासते, पुवाचे, थुंकीचे नमुने वाढवून त्यात कोणता जंतू आहे ते बघते. लग्न होऊन इथे आले तेव्हापासून हेच. इकडे नेरळपासून तिकडे चौकपर्यंतची माणसं माझ्या सुईखालून गेली आहेत. आणि एक गोष्ट आधीच कबूल करून टाकते — मला माझं कौतुक भारी. माझी सुई दुखत नाही. माझं टेबल चकचकीत. माझ्या हातचं काम म्हणजे काम. नवी मुलगी कामाला आली की मी तिला पहिल्या दिवशी सुनावते, बघ गं बाई, इथे आळस चालायचा नाही. ऐकणाऱ्याला वाटावं, काय ही शिस्तीची बाई!

हं. शिस्तीची.

इंदूताई मला पहिल्यांदा भेटल्या त्या साखर तपासायला. चौकच्या पुढे, जुन्या हायवेवर एका ढाब्यात त्या भाकऱ्या करायच्या. तांदळाच्या, पातळ, ताटाएवढ्या. हातावर थापायच्या, पोळपाट नाही काही नाही. दंडाला पट्टा बांधताना मी त्यांचा हात बघितला आणि म्हटलं, केवढा मऊ हो हात, भाकऱ्या करणारीचा वाटत नाही. त्या हसल्या. "पीठ लागतंय ना गं बाय दिसभर, मऊच र्‍हाणार." सुई काढली तरी त्यांना कळलं नाही. "झालं पण? ताई, तुमचा हात लई गोड हाय." मग दर तीन महिन्यांनी त्या यायच्या आणि बाकावर बसलेल्या सगळ्यांना सांगायच्या, ह्या ताईंकडूनच घ्या, दुखत नाय. मी वरवर म्हणायची, पुरे हो इंदूताई. आतून फुगायची.

मग त्यांना नाकाचा त्रास सुरू झाला. डोकं धरायचं, नाक बंद, वासच येईना. भाकरी करपली तरी कळायचं नाही, म्हणायच्या. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी बघितलं, सायनसमध्ये मांसाचे कोंब वाढले होते. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. नीट झालं. महिनाभर बऱ्या होत्या. मग पुन्हा नाकातून घाण यायला लागली, उजव्या डोळ्याच्या मागे ठणका. डॉक्टरांनी दुर्बीण घालून आतला पू काढला आणि माझ्याकडे पाठवला. चिठ्ठीवर स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं — जंतू बघा, बुरशीही बघा, बाईंना डायबेटिस आहे.

बुरशीही बघा. हे शब्द मी वाचले होते. वाचले नाहीत असं म्हणायलाही मला जागा नाही.

आता थोडं आमच्या कामाचं सांगते. सांगते म्हणजे — मुद्द्यावर यायला वेळ लावते आहे, हे माझं मलाही कळतंय. तर, काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बशीत जेलीसारखं खाद्य असतं, त्याला आम्ही प्लेट म्हणतो. तारेच्या कडीनं पू उचलायचा आणि प्लेटवर रेघा ओढायच्या. जंतू असेल तर त्या रेघांवर उगवतो. साधे जंतू दोन दिवसांत दिसतात. बुरशीची प्लेट वेगळी, ती तीन आठवडे ठेवायची आणि रोज बघायची. आणि पावसाळ्यात आमच्या भागात काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. डोंगर डोक्यावर, घरात ओल, चपलेला बुरशी, लग्नातल्या शालूला बुरशी, मसाल्याच्या डब्याच्या झाकणाला बुरशी. तीच हवेतून प्लेटवरही पडते. पडली की प्लेट वाया, रोग्याचं काही कळत नाही. मग ओळखायचं कसं? तर मॅडमनी — म्हणजे आमच्या लॅबच्या डॉक्टरांनी, त्या पनवेलहून आठवड्यातून दोनदा येतात — पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. रेघेवर उगवलं तर रोग्याचं. रेघ सोडून उगवलं तर हवेचं.

इतकं सोपं आहे. शाळेतल्या पोराला कळेल.

त्या श्रावणात माझ्या दोन प्लेटांवर हवेतली बुरशी आली होती. एकामागून एक. मॅडमनी सगळ्यांसमोर प्लेट वर धरली आणि म्हणाल्या, "कुंदा, हात बघ जरा आपले. दुसऱ्यांना शिकवतेस ना?" बस, एवढंच. पण पाठीमागे कुणीतरी खुदकन हसलं. मला. मला हसलं! मी घरी जाऊन जेवले नाही. नवऱ्यानं विचारलं तर त्याच्यावरच डाफरले. आता बोलताना लाज वाटते, पण तेव्हा मला वाटलं होतं की याहून मोठा अपमान जगात नसेल.

आणि त्याच आठवड्यात इंदूताईंची प्लेट.

चौथ्या दिवशी सकाळी मी ती उचलली. चार ठिपके. पिवळट हिरवे, पावडर भुरभुरावी तसे. बुरशी. पहिली गोष्ट माझ्या मनात काय आली असेल? इंदूताई? त्यांचा डोळा? नाही हो. माझ्या मनात आलं — मेले, तिसरी प्लेट! मॅडम उद्या येणार होत्या.

आणि मग मी नीट बघितलं. उजेडाकडे धरून. ते ठिपके रेघेवर होते. चारही. एखादा ठिपका योगायोगानं रेघेवर पडेल. चार ठिपके ओळीनं पडत नाहीत. मला ते कळलं — ऐका, हेच मला सांगायचं आहे, याच्याभोवती मी मघापासून फिरते आहे — मला ते त्याच क्षणी कळलं. मला शंका नव्हती. नंतर कितीदा तरी मी स्वतःला सांगून बघितलं की शंका होती, घाई होती, उजेड कमी होता. काही नव्हतं. सकाळचे दहा वाजले होते आणि मी खिडकीशी उभी होते.

मी ती प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये टाकली. ऑटोक्लेव्ह म्हणजे आमचा मोठा कुकर, वाया गेलेलं सगळं त्यात शिजवून मारतात. झाकण लावलं. हात धुतले. दोनदा धुतले, साबण लावून.

आता वाटतं, मॅडमना दाखवायला काय झालं असतं? त्यांनी एका नजरेत सांगितलं असतं, अगं ही हवेची नाही, रोग्याची आहे. शाबासकीच मिळाली असती कदाचित! किंवा गुपचूप डॉक्टरांना एक फोन, सर, नमुना खराब झाला, परत पाठवा. एक फोन. तोही केला नाही. कारण "खराब झाला" हे शब्द मला माझ्या तोंडून काढायचे नव्हते.

साधा जंतू दुसऱ्या प्लेटवर उगवला होताच, नाकात नेहमी सापडतो तो. त्याचा रिपोर्ट गेला. बुरशीचा रिपोर्ट तीन आठवड्यांनी जायचा. आणि त्या तीन आठवड्यांत मी काय केलं, सांगू? रोज सकाळी रजिस्टर उघडलं आणि इंदूताईंच्या नावापुढे लिहिलं — वाढ नाही. फळीवर त्यांच्या प्लेटची जागा रिकामी होती. मी त्या रिकाम्या जागेकडे बघायची आणि लिहायची, वाढ नाही. दुसऱ्या दिवशी, वाढ नाही. हे एकदा घाबरून केलेलं नाही, हे लक्षात घ्या. हे मी रोज केलंय. चहा पिऊन, डोकं थाऱ्यावर ठेवून.

मध्ये डॉक्टरांचा फोन आला. "कुंदाताई, त्या इंदूबाईंच्यात बुरशी वगैरे काही? सूज फार आहे, मी स्टेरॉइड सुरू करावं म्हणतोय." मी म्हटलं, "काही नाही सर. प्लेट स्वच्छ आहे."

स्वच्छ! काय शब्द आला बघा माझ्या तोंडात.

स्टेरॉइडनं सूज उतरते, हे खरं. पण आत बुरशी असली तर तिला रान मोकळं मिळतं, आणि डायबेटिसवाल्याची साखर वर जाते ती वेगळीच. हे मला माहीत होतं का? होतं. माझ्या रोजच्या कामातलं आहे ते. फोन ठेवला आणि पुढचा नमुना हातात घेतला. दुपारी डबासुद्धा खाल्ला, नेहमीसारखा.

दिवाळीच्या आधी इंदूताईंची उजवी पापणी उतरली. मग त्या डोळ्यानं धुरकट दिसायला लागलं, मग काहीच दिसेना. डॉक्टरांनी ताबडतोब मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे नाकाच्या आतला तुकडा काढून तपासला — बुरशी. पार डोळ्याच्या मागे पोचलेली. पुन्हा ऑपरेशन केलं, महागडी औषधं दिली. इंदूताई वाचल्या. डोळा वाचला नाही.

डॉक्टर चांगला माणूस. झोप उडाली होती त्यांची. ते स्वतः लॅबमध्ये आले, माझ्या टेबलाशी उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "ताई, माझी काही चूक झाली का तेच कळत नाहीये. आपल्या प्लेटवर तेव्हा काहीच नव्हतं ना? आठवून सांगा." मी रजिस्टर काढलं. उघडून त्यांच्यापुढे धरलं. वाढ नाही, वाढ नाही, वाढ नाही, सुरेख अक्षरात. त्यांनी मान हलवली. "म्हणजे नंतर झालं," ते म्हणाले.

म्हणजे नंतर झालं. हे वाक्य तेव्हा मला सुटकेचं वाटलं. पुढे ते कुणाच्या मानेवर बसणार आहे, हे मला तेव्हा कळलं नाही — कळलं नाही म्हणते, पण विचार तरी कुठे केला होता?

नंतर झालं, तर कशानं झालं? ऑपरेशननंतर नाक रोज मिठाच्या पाण्यानं धुवायचं असतं. पाणी उकळून गार केलेलंच हवं. डॉक्टरांनी विचारलं, पाणी उकळत होता ना? आणि इंदूताई खोटं न बोलणारी बाई. त्या म्हणाल्या, चार दिवस नाही उकळलं. गॅस संपला होता, ढाब्यावर गणपतीच्या दिवसांतली गर्दी, घाईत बोअरचं पाणी घेतलं. झालं! कारण सापडलं. डॉक्टर रागावले नाहीत, पण घरच्यांना कळलंच. नवरा म्हणाला, हिला पाणी तापवायचा कंटाळा, डोळा घालवून बसली. मुलानं ते ऐकून घेतलं.

आणि इंदूताईंनी ते मान्य केलं. तेच तर! भांडल्या असत्या, आरडाओरडा केला असता, लॅबवर आल्या असत्या तावातावानं, तर बरं झालं असतं. त्यांनी मान खाली घातली. "मीच केलं गं ताई," मला म्हणाल्या. बऱ्या झाल्यावर पहिल्यांदा साखर तपासायला आल्या होत्या. मी त्यांचा हात धरला तर बोटांवर भाजल्याचे डाग. एका डोळ्यानं अंतर कळत नाही, तवा जवळ आहे वाटतं तिथे नसतो, आणि नाही वाटतं तिथे असतो. "आता सवय व्हईल," म्हणाल्या. "तुमचा रिपोट साफ व्हता. डॉक्टर देवमाणूस. माझाच हात नडला."

त्या दिवशी मला सुई दोनदा टोचावी लागली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्या म्हणाल्या, "असू दे गं, तुमची पण तब्येत बरी नाय काय?"

त्यानंतर कितीतरी वर्षं गेली. करोनाच्या वेळी काळी बुरशी, काळी बुरशी म्हणून टीव्हीवर दिवसभर चालायचं. मी घरात असले की टीव्ही बंद करायची, मुलं चिडायची. इंदूताई मात्र दर तीन महिन्यांनी येतच राहिल्या. माझा नंबर लागेपर्यंत बाकावर बसतात आणि शेजारच्या बाईला सांगतात, "पाणी उकळून घे गं बाय. माझ्यासारखं करू नको. आळसानं डोळा घालवला मी." मी आत सुया लावत असते. पडद्याच्या पलीकडून मला सगळं ऐकू येतं. एकदा एका गरोदर पोरीला सांगत होत्या, एकदा एका म्हाताऱ्याला. आणि सगळे च् च् करतात. बिचारीनं स्वतःच्या हातानं केलं, म्हणतात. मी पडद्याआड उभी. मी बाहेर येऊन म्हणू शकले असते, इंदूताई, थांबा. किती वेळा? दर तीन महिन्यांनी एकदा, एवढी वर्षं.

मला वाटायचं, माझं नाव जाईल, नोकरी जाईल, मॅडमची लॅब जाईल. आता मॅडमही थकल्या आहेत, लॅब दुसऱ्याला द्यायचं चाललंय. माझी निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत. कुणी माझं काय करणार आहे? तरीही नाही. म्हणजे भीती नोकरीची नव्हतीच. भीती हीच, की मी जी आहे ती कुणाला दिसेल. स्वच्छ हाताची कुंदा.

गेल्या श्रावणात इंदूताई आल्या नाहीत. त्याच्या आधीच्या खेपेलाही आल्या नव्हत्या. त्या गेल्याबिल्या तर? मग तर मला कधीच सांगता येणार नाही. आणि खरं सांगते — त्यात एक कण सुटकेचाही होता. त्या कणाची मला इतकी किळस आली की रविवारी उठले, साडी नेसले, कर्जतहून गाडी पकडली आणि चौकला उतरले. ठरवून गेले होते. वाक्यसुद्धा जुळवलं होतं. इंदूताई, तुमची काही चूक नव्हती, बुरशी आधीच होती, मी लपवली. एवढंच. तीन तुकडे, बोलून टाकायचे.

घर ढाब्याच्या मागच्या आळीत. इंदूताई ओटीवर बसल्या होत्या, मला बघून हरखून गेल्या. "अगं बाय, तुमी? आमच्याकडं?" पायाला लागलं होतं म्हणून येणं जमलं नव्हतं, बाकी ठीक. घरात नातू झाला होता, पाच-सहा महिन्यांचा. सून चांगली होती, शिकलेली, नीटनेटकी. मला पाट दिला, चहा ठेवला. मी इंदूताईंकडे बघत होते आणि माझं वाक्य मनात पुन्हा जुळवत होते.

तेवढ्यात बाळ कुरकुरलं. इंदूताई उठल्या, चुलीशेजारच्या पातेल्याला हात घातला, बाळासाठी पाणी तापवायला. सून लगेच पुढे आली. दोन्ही हातांनी पातेलं घेतलं, अगदी हळू, उर्मट नाही. "आई, राहू द्या. बाळाचं पाणी मी करते म्हटलंय ना." आणि इंदूताईंनी ते सोडलं. पदराला हात पुसून भिंतीशी जाऊन बसल्या. जणू रोजचंच आहे. रोजचंच होतं ते. इंदूताईंच्या स्वतःच्या घरात, त्यांच्या नातवाच्या पाण्याला त्यांचा हात चालत नाही, हे मला तेव्हा कळलं.

सून माझ्याकडे वळली. "बरं झालं ताई तुम्ही आलात. तुम्ही लॅबमधल्या, तुमचं त्या ऐकतील. पाणी कसं उकळायचं ते एकदा नीट सांगा ना त्यांना. मी सांगितलं तर वाईट वाटतं त्यांना." इंदूताई हसल्या, ओशाळून. "सांगा गं ताई. मी शिकीन. मग तरी देईल ही मला पोराचं करू."

त्या माझ्याकडे बघत होत्या, एका डोळ्यानं. सून बघत होती. आता. आता बोल, कुंदा.

आणि मी सांगितलं. पाणी कसं उकळायचं ते. भांडं आधी घासून घ्यायचं, म्हटलं. नुसतं कोमट नाही करायचं, खळखळ उकळी येऊ द्यायची, उकळी आल्यावर थोडा वेळ तशीच ठेवायची. मी हातानं दाखवलं, बुडबुडे कसे वर येतात ते. माझा लॅबमधला आवाज लागला होता, नव्या मुलींना शिकवायचा. इंदूताई मान हलवत ऐकत होत्या. बत्तीस वर्षं जिनं चूल पेटवली, ती बाई माझ्यापुढे मांडी घालून पाणी उकळायला शिकत होती. मध्येच त्यांनी विचारलं, "गार करताना झाकण ठिवायचं का नाय, ताई?"

मी म्हटलं, "ठेवायचं."

त्यांनी ते सुनेकडे बघून एकदा म्हणून दाखवलं. झाकण ठिवायचं. मग मी चहा प्यायले, बाळाच्या हातावर दहाची नोट ठेवली आणि निघाले. इंदूताई लंगडत आळीच्या तोंडापर्यंत सोडायला आल्या.